मोहफुलाच्या फेसातला धडा

मोहफुलं पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत फेस येतो. तो आणतं यीस्ट, म्हणजे एकाच पेशीची, डोळ्यांना न दिसणारी बुरशी. परवा बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "गाठ वाढते म्हणजे आत नेमकं काय होतं?" त्यांच्या घरी खर्रा खाणाऱ्या माणसाला तोंडाचा कर्करोग निघालाय. उत्तर शोधता शोधता आम्ही यीस्टपाशीच पोचलो.

एका पेशीच्या दोन होतात, पण कधी व्हायचं हे कोण ठरवतं? १९७०च्या सुमारास अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांनी हे पावाच्या यीस्टमध्ये शोधलं. शिलाई मशीनचा एकेक भाग बिघडवला, तर कुठे अडतं त्यावरून त्याचं काम कळतं. तशीच ही रीत. पण जी पेशी दोन होतच नाही, तिचं बियाणं टिकणार कसं? म्हणून त्यांनी २३ अंशांना नीट वाढणारी आणि ३६ अंशांना अडणारी बिघडलेली यीस्ट निवडली. त्यातून शंभरावर जनुकं सापडली.

एडिनबरोत पॉल नर्स वेगळ्या यीस्टवर काम करत. ते पहिल्यांदा आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या दारूत सापडलं होतं. वेळेआधीच दोन होऊन लहान राहणाऱ्या पेशी ते गोळा करत. एका बशीवर बुरशी चढली म्हणून त्यांनी ती फेकली. मन राहिना, तेव्हा परत जाऊन कचऱ्यातून काढली. त्यातच मुख्य जनुकाचा बिघाड निघाला!

१९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी दाखवलं, की ते जनुक बिघडलेल्या यीस्टला माणसाचं जनुक दिलं तरी ती पुन्हा वाढते. म्हणजे फेसातला जीव आणि आपण, आतली किल्ली एकच. २००१ मध्ये हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना नोबेल मिळालं.

ताईंना आम्ही सांगितलं: पेशीला 'थांब' म्हणणारी जनुकं बिघडली की ती थांबत नाही, तीच गाठ. खर्र्यातली तंबाखू असाच बिघाड करते. म्हणून तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा तोंड कमी उघडू लागलं, तर आरोग्य केंद्रात जा. पुढच्या बैठकीत हिशेबाआधी हे एकमेकींना विचारूया.