घराच्या जाहिरातींतील सांकेतिक भाषा

घरांच्या जाहिरातींत क्षेत्रफळ, मजला व भाडे यांच्याबरोबरच 'फक्त शाकाहारी', 'फक्त कुटुंबासाठी' अशा अटी मुंबईकरांच्या सवयीच्या झाल्या आहेत. 'कॉस्मो सोसायटी' हा त्यांतील सर्वांत बोलका शब्द. सर्व जातिधर्मांच्या लोकांना घर देणारी सोसायटी, असा त्याचा दलालांच्या बोलीतील अर्थ. तो मुद्दाम लिहावा लागतो, यातच इतरत्र आडकाठी असल्याची कबुली आहे.

ग्लोरिया चर्च, मॅगन डेव्हिड सिनेगॉग आणि मशिदी असलेल्या भायखळ्यातच रुस्तम बाग व जेर बाग या पारशी समाजासाठी राखीव वसाहती आहेत. समाजापुरत्या गृहसंस्थांना कायद्याचा आधारही मिळाला आहे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २००५ रोजी, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. भेदभावास मनाई करणाऱ्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांचा उल्लेख आहे. भाड्याच्या घरांचा नाही.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश वा धर्मावरून भेद करणाऱ्या घरांच्या जाहिरातींना बंदी घातली. तेथील वाद आता शब्दांच्या छटांपर्यंत पोहोचला आहे. गुलामगिरीची आठवण करून देणारा शब्द, या आक्षेपामुळे ह्यूस्टनच्या दलाल संघटनेने २०२० मध्ये 'मास्टर बेडरूम'ऐवजी 'प्रायमरी बेडरूम' हा शब्द स्वीकारला.

मुंबईत केवळ शब्द बदलून भागणार नाही. जाहिरातीतून 'फक्त' गाळला, तरी आडनाव विचारल्यानंतर दूरध्वनीवर नकार देता येतोच.