दुबळेपणाचा इतिहास



हजीऱ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की इतिहास शिकविणाऱ्या माणसाला प्रथम गलबते आठवतात. तापी येथे समुद्राला मिळते. शेजारच्या सुवाळीपाशी १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीजांचा पराभव केला आणि सुरतेच्या व्यापाराचे दार स्वतःसाठी उघडून घेतले. ही लढाई मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. आज मात्र मला याच तापीकाठच्या दुसऱ्या एका इतिहासाविषयी बोलावयाचे आहे. त्यात गलबते नाहीत आणि तहही नाहीत. त्यात आहेत ती उघड्यावर निजणारी मुले, आणि त्या मुलांची पुढे झालेली आजारी माणसे.

सुरत जिल्ह्यात दुबळा नावाची आदिवासी जमात आहे. हे नाव 'दुर्बळ' या शब्दापासून आले अशी समजूत आहे. म्हणजे अशक्तपणा हाच जणू या लोकांचा कुलधर्म ठरवून टाकलेला! अनाविल ब्राह्मण आणि पाटीदार यांच्या शेतांवर ही माणसे पिढ्यान् पिढ्या 'हाळी' म्हणून राबली. इंग्रजी अमलातील गॅझेटियरांत या प्रथेची नोंद आहे. हाळी होण्याची रीत साधी होती. तरुणाच्या लग्नाचा खर्च जमीनमालक, म्हणजे त्यांच्या भाषेत 'धणियामो', करी; ते कर्ज फिटेपर्यंत हाळीने त्याच्याकडे राबावयाचे. कर्ज अर्थातच कधी फिटत नसे, कारण पोटासाठी घेतलेले धान्यही त्याच खात्यात चढे. हाळीची बायको धन्याच्या घरी शेणगोठा व झाडलोट करी, आणि मुलगा जरा कळता झाला की धन्याची गुरे वळावयास जाई. त्याला मिळे ते जेवण आणि अंगावरचे कापड. पुढे त्याचे लग्न ठरे, आणि नवे खाते उघडले जाई.

यांतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हाळीची झोपडीदेखील धन्याच्याच जमिनीवर असे. धन्याची मर्जी फिरली की निवारा गेला. डोक्यावर छप्पर असूनही हा माणूस वस्तुतः बेघरच होता, आणि त्याच्या मुलाला चालता येऊ लागल्यापासून ते ठाऊक होते. बापाला शिवी बसताना पाहणे, उद्या येथे राहू की नाही हे न समजणे, आणि अर्धपोटी झोपणे, हेच त्याचे बालपण होते.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जुगतराम दवे यांच्यासारख्या माणसाने वेडछीच्या आश्रमात आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहाचा विजय मुख्यतः खातेदार शेतकऱ्यांचा होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि १९३९ साली तेथेच सरदार पटेलांच्या पुढाकाराने हाळींच्या मुक्तीची घोषणा झाली. दुबळ्याला 'हळपती', म्हणजे नांगराचा धनी, असे सन्मानाचे नाव मिळाले. पण नांगराच्या धन्याला जमीन मात्र मिळाली नाही. १९४८ च्या मुंबई राज्याच्या कूळकायद्याने कुळांचे कल्याण झाले. हाळी हा कूळ नव्हताच. वेठबिगारी कायद्याने रद्द व्हावयास १९७६ साल उजाडले.

मधल्या काळात बारडोलीच्या परिसरात सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तोडणीसाठी दारचा हळपती न घेता मजूर बाहेरून आणण्यात आले, त्यांत मोठा भरणा आपल्या खानदेशातील भिल्लांचा. १९६० नंतरच्या दशकांत डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या भागात वारंवार राहून या मजुरांविषयी विस्ताराने लिहिले आहे. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाईच्या धरणाखाली ज्यांची गावे गेली, त्यांतील पुष्कळांच्या हातीही पुढे कोयताच आला. मुकादम दिवाळीपूर्वी उचल देतो. नवरा, बायको आणि हाताशी एखादे मूल मिळून 'एक कोयता' धरला जातो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचा मुक्काम रस्त्याकडेच्या पडावावर, पालापाचोळ्याच्या खोपटात. बाप तोडतो, आई मोळ्या बांधते, मूल पाला सोलते. थंडीत पहाटे शेकोटीपाशी बसलेली ही मुले मी पाहिली आहेत.

एक प्रसंग सांगतो. सुरतेच्या एका मराठी शाळेत माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. तो दुपारी बाकावर डोके टेकून झोपे. मोठ्याने हाक मारली तर दचकून दोन्ही हात डोक्यावर घेई. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'आळशी' असा शेरा लिहिला. 'दुबळा' हे नाव ज्याने कोणी पाडले, त्याच्यात आणि माझ्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतील फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी काही सहस्र प्रौढांना त्यांच्या बालपणातील मारहाण, अवहेलना, घरातील व्यसन यांविषयी विचारले. असे चार वा अधिक आघात सोसलेल्यांत दारूचे व्यसन, खिन्नता आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. हृदयाचे व फुप्फुसाचे विकारही अधिक. आणि हे लोक बहुतांशी सुस्थितीतले होते! सतत भ्यालेल्या मुलाच्या शरीरात संकटकाळचे स्राव थांबतच नाहीत, आणि त्याची किंमत पुढे रक्तदाब, झोप आणि मन यांना मोजावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने तर हे मूळ गर्भापर्यंत नेले आहे: आईची उपासमार मुलाला पुढे मधुमेहाच्या वाटेवर नेऊ शकते. कॅनडात मूळ रहिवाशांची मुले सक्तीने वसतिशाळांत नेली जात. त्या पिढ्यांतील कितीतरी माणसे पुढे शहरांच्या रस्त्यांवर बेघर आणि व्याधिग्रस्त आढळली.

प्रत्येक दुखण्याचे खापर बालपणावर फोडू नये, हेही खरे. या भागातील आदिवासींत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. त्याने येणारा थकवा आणि सांधेदुखी ही रक्ततपासणीनेच ओळखावयाची. पण ताडीच्या गुत्त्यावर पडलेल्या चाळिशीच्या माणसाकडे बोट दाखवून 'यांची जातच अशी' म्हणणाऱ्याने, सातव्या वर्षी तो कोठे झोपत होता, हे एकदा विचारावे. दवाखान्यातील केसपेपरावर त्यासाठी रकाना नसतो.

माझ्या हजेरीपटातही नव्हता. त्या मुलाच्या नावापुढे दिवाळीनंतर गैरहजेरीच्या फुल्या सुरू झाल्या, त्या मार्च संपला तरी थांबल्या नाहीत. जूनमध्ये तो आला तेव्हा त्याच्या डाव्या तळहातावर कोयत्याची जखम भरून आलेली होती. हाक न मारता मी त्याच्या बाकापाशी गेलो आणि जेवलास का, एवढेच विचारले. त्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते मला कळले नाही. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन पुन्हा त्याच्या बाकापाशी जाऊन बसलो.