मागणीपत्रात जे नव्हते : मुंबईच्या गिरणीमालक संघाचा धडा

उद्योजकांच्या संघटना दरवर्षी राज्य सरकारपुढे मागण्यांची यादी ठेवतात. कर कमी करा, वीज स्वस्त द्या, जमीन लवकर द्या, कामगार कायदे सैल करा. वर्तमानपत्रे ही यादी राज्याच्या विकासाचा आराखडा म्हणून छापतात. आमचे म्हणणे असे की अशा यादीत काय आहे हे जितके पाहावे, तितकेच तिच्यात काय नाही हेही पाहावे. मुंबईच्या गिरणीमालक संघाचा इतिहास यासाठी पुरेसा आहे.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि १८७५ साली मालकांनी आपला संघ स्थापन केला. त्याच वर्षी सरकारने कारखान्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. कायदा आला तर लँकेशायरचे फावेल, देशी उद्योग मरेल, असा मालकांचा ओरडा होता. लँकेशायरचा स्वार्थ होता हे खरेच. पण १८८१ च्या पहिल्या कायद्याने केले काय? सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नका आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नका, एवढेच. तेवढ्याने जो उद्योग मरतो म्हणतात, तो कोणाच्या हाडांवर उभा होता?

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, अपघातात नुकसानभरपाई. रविवारची सुट्टी मालकांनी मान्य केली ती १८९० साली. एका सुट्टीसाठी सहा वर्षे लागली. म्हणूनच रविवार ही मालकांची कृपा नाही, ती सत्यशोधक चळवळीची कमाई आहे.

आता दुसरी बाजू पाहा. कामगारांच्या बाबतीत सरकारने हात घालू नये म्हणणारा हा संघ स्वतःसाठी मात्र सतत सरकारच्या दारात उभा होता. १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो रद्द करा ही मागणी रास्तच होती. पण १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. अडीच महिने कामगारांची चूल विझली. डिसेंबरमध्ये सरकारने अबकारी कर स्थगित केला, तेव्हा कपात मागे घेतली गेली. उपासमार कामगारांची झाली, करमाफी मालकांना मिळाली.

रुपयाच्या दराचेही तसेच. रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सऐवजी चार पेन्सवर ठेवा, असा मुंबईच्या व्यापारी-उद्योजक वर्गाचा आग्रह होता आणि तो देशहिताच्या नावाने मांडला जात होता. बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात याच तर्काचे मूळ उघड केले होते. रुपया घसरला की किमती वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. उद्योजकाला जो जादा नफा दिसतो तो परदेशातून येत नाही, तो इथल्याच मजुराच्या ताटातून जातो. एका वर्गाचा लाभ म्हणजे राष्ट्राचा लाभ नव्हे, हा फरक त्यांनी शंभर वर्षांपूर्वी शिकवला. आपण तो आजही विसरतो.

या संघाचे म्हणणे सरकारला ऐकावे लागे, कारण त्याला सत्तेत जागा होती. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई विधिमंडळात गिरणीमालक संघाला स्वतःचा प्रतिनिधी निवडून पाठवण्याचा हक्क मिळाला. लाखो अस्पृश्यांना मात्र निवडीचा हक्क नव्हता, त्यांचे प्रतिनिधी सरकार नेमत असे. १९२७ साली बाबासाहेब विधिमंडळात गेले ते नियुक्त सदस्य म्हणून. मूठभर मालक निवडून पाठवतात आणि अख्ख्या समाजाचा माणूस नेमला जातो, याला तेव्हा लोकप्रतिनिधित्व म्हणत.

आता मुख्य मुद्दा. गिरणीत सर्वांत चांगली मजुरी विणकामाच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर होती. तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा हाती धरणार? म्हणून आपल्या माणसांच्या वाट्याला कमी मजुरीची खाती आली. यंत्र विलायतेचे, वाफ कोळशाची आणि नियम मात्र मनूचा!

१९२८ चा ऐतिहासिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. वाद होता मालकांच्या नव्या योजनेचा : एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की अस्पृश्यांना विणखात्यात घेण्याची मागणीही यादीत घाला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. मागणी समोर आली तेव्हा मालकांचे उत्तर असे की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

हे उत्तर नीट तपासा. एका माणसाने किती साचे चालवावेत हे ठरवण्याच्या हक्कासाठी मालक सहा महिने गिरण्या बंद ठेवायला तयार होते. त्या साच्यासमोर कोणत्या जातीचा माणूस उभा राहील, हे मात्र त्यांच्या हाती नव्हते! सवर्ण कामगारांचा दोष होताच, लाल बावट्याच्या पुढाऱ्यांचे मौनही आम्ही विसरत नाही. पण भरतीचा दरवाजा मालकाचा होता. जात त्यांच्या मागण्यांच्या यादीत नव्हती, कारण जातीची त्यांना अडचण नव्हती. विभागलेला कामगार स्वस्त पडतो.

म्हणूनच १९३८ साली मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू एकत्र सांगितले. त्याच वर्षी काँग्रेस सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक विवाद विधेयक आणले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने त्याला विरोध केला. ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात बाबासाहेब कम्युनिस्टांबरोबर रस्त्यावर उतरले. विणखात्याचा हिशेब बाकी असतानाही उतरले, हे आम्हाला कम्युनिस्टविरोधी ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आज काय बदलले? २००४ नंतर खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा निघाली, तेव्हा उद्योजकांच्या बड्या संघटनांनी कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू, असे सांगितले. हे १९२८ च्याच उत्तराचे सभ्य रूप. दुसरीकडे, कारखाना बंद करण्यासाठी आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून लागू करणारी औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संसदेने मंजूर केली. त्यासाठी स्वेच्छेवर विसंबणे उद्योजकांना पुरले नाही, तिथे कायदाच हवा होता.

म्हणून पुढच्या वेळी अशी यादी छापून आली की आपण तीन प्रश्न विचारू. यात राज्याकडून काय मागितले आहे? त्याची किंमत कोण देणार? आणि भरतीतल्या जातीबद्दल यात एक ओळ तरी आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तो राज्याच्या विकासाचा आराखडा नाही, ते एका वर्गाचे मागणीपत्र आहे. त्याच्या शेजारी आपले मागणीपत्र ठेवणे, हे आपले काम.

जय भीम!