दिव्याखालचा अंधार

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती मुलुंडच्या शिवारांतून. त्याच सुमारास डॉ. विल्यम ओशॉनेसी हे हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें उभारण्याच्या खटपटींत होते. आणि १८५५ च्या फेब्रुवारींत तें सामान्य लोकांस खुलें झालें. पुढें रूळ आणि तार हीं जोडीनेंच चालूं लागलीं. आधीं लोखंडाची तार, मग तांब्याची, आणि आतां कांचेचा तंतु, अशीं साधनें बदललीं. पण एक प्रश्न मात्र बदलला नाहीं. दोन ठाण्यांमधील वाट एकाएकीं मुकी झाली, तर बिघाड कोठें आहे हें कसें ओळखावें? या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आरंभीचा उपाय पायांचा होता. खांबामागून खांब पाहत माणूस चालत जाई. परंतु मोजमापाची विद्या लवकरच मदतीस आली. विजेच्या रोधांची तुलना करण्याची एक मांडणी सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनीं १८३३ सालीं सुचविली व चार्ल्स व्हीटस्टन यांनीं ती १८४३ त प्रसिद्धीस आणली. तिच्याच आधारें ‘मरे लूप’ नांवाची कसोटी निघाली. बिघडलेल्या तारेच्या शेजारची एक चांगली तार घ्यावयाची, दूरच्या ठाण्यांत दोन्ही तारा एकमेकींस जोडावयाच्या, आणि इकडे रोधांचें प्रमाण जुळवावयाचें. ठाणीं १० किलोमीटर दूर असतील तर हा वेढा २० किलोमीटरांचा होतो. प्रमाण एकास चार आलें, कीं वेढ्याच्या पांचव्या हिश्शावर, म्हणजे ४ किलोमीटरांवर, तार जमिनीस टेकली आहे असें बसल्या जागीं समजतें. मात्र पलीकडच्या माणसानें तारा जोडल्यावांचून अलीकडच्याचें गणित सुरूच होत नाहीं, ही गोष्ट विसरूं नये.

शंभर वर्षें विजेनें हें काम केलें. १९६६ सालीं चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें प्रतिपादन केलें, कीं प्रकाश कांचेंत विरतो तो मुख्यतः कांचेंतील अशुद्ध द्रव्यांमुळें. तीं काढलीं, तर प्रकाशावर दूरचे संदेश धाडतां येतील. किलोमीटरभर जाऊन प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरला तरी पुरे, अशी त्या वेळची अपेक्षा होती. आज उत्तम तंतूंत शेंकडा ९५ च्या आसपास उरतो! आपल्याकडे १९७५ त मुंबई शहर व अंधेरी या टेलिफोन एक्स्चेंजांमध्यें आवाजाचे अंक करून पाठविण्याची देशांतली पहिली व्यवस्था सुरू झाली, आणि १९७९ त स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारा देशांतला पहिला कांचतंतु पुण्यास कामास लागला.

आतां असें समजा, कीं मुलुंडांत एखाद्या रुग्णालयाच्या दोन इमारती आहेत. प्रत्येकींत एक स्विच, म्हणजे संगणकांचे संदेश ज्याच्या त्याच्या वाटेस लावणारें यंत्र, आणि दोहोंमध्यें कांचतंतूंची एक जोडी. सकाळीं त्यांचें बोलणें थांबतें. तपासणीचे कागद डॉक्टरांपर्यंत पोंचत नाहींत. पहिला तर्क ठरलेला असतो: कोणीतरी रस्ता खणला आणि तंतु तुटला. तसें घडतेंहि, परंतु जाणता कारागीर आधीं खड्ड्याकडे धांवत नाहीं. दोन्ही टोकांचे प्रकाश-प्रेषक एकाच जातीचे आहेत ना, एकाच्या मुखांतून निघालेला तंतु दुसऱ्याच्या कानांत शिरतो ना, हें तो प्रथम पाहतो. जोडींतला एक तंतु जाण्याचा व एक येण्याचा असल्यामुळें एक स्विच ऐकत असूनहि दुसरा बहिरा असूं शकतो. नंतर तो सांधे पुसतो. प्रकाश वाहणारा तंतूचा गाभा अवघ्या ९ मायक्रॉनांचा, केंसाहून किती तरी बारीक. धुळीचा एक कण त्याची वाट अडवूं शकतो. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, पण इजा करूं शकतो. म्हणून तंतूंत डोळा लावून पाहूं नये.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर ओटीडीआर नांवाचें यंत्र लावतात. तें प्रकाशाचा एक ठोका सोडतें आणि परत येणारा पडसाद ऐकतें. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणून पडसाद सेकंदाच्या ४० दशलक्षांश भागांनीं आला, तर दोष ४ किलोमीटरांवर समजावा. परंतु या चतुर यंत्रास एक वैगुण्य आहे. स्वतःच्याच सांध्यावरील झगमगाटानें तें क्षणभर आंधळें होतें आणि अगदीं लगतचा दोष त्यास दिसत नाहीं. यासाठीं मध्यें चांगल्या तंतूचें एक लांब वेटोळें जोडतात, किंवा पलीकडच्या टोकाकडून पुन्हां मोजतात.

दिव्याखालीं अंधार ही आपली जुनी म्हण या विद्येंत अक्षरशः खरी ठरली आहे. दोष दूर आहे असें मानण्याकडे मनाचा ओढा असतो, कारण दूरचा दोष दुसऱ्याचा असतो. दीड शतकाची ही विद्या मात्र उलट क्रम शिकविते: आधीं आपलें टोक तपासावें, मग पलीकडच्यास साद घालावी, आणि दोघांचीं मापें जुळल्यावरच कुदळ हातीं घ्यावी. रुग्णालयांतला खोळंबा त्यानेंच लवकर संपतो, आणि रस्ताहि विनाकारण खणला जात नाहीं.