स्वर्गाची वाट आणि यमुनेचा प्रवास

वरूडला आमच्या गटाच्या बैठकीत मागल्या महिन्यात हप्ते लिहून झाले आणि गोष्ट निघाली गरुडपुराणाची. एका ताईचा नवरा नुकताच गेला होता, घरी वाचन झालं होतं. ती म्हणाली, "त्यातला नरक आयकून काही भेव नाही वाटलं बाई. पण आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मले कोण बोलावते?" आम्ही सगळ्याच गप्प झालो. म्हणून आज स्वर्ग-नरकाच्या दोन जुन्या पुस्तकांविषयी सांगतो.

पहिलं इंग्लंडातलं. जॉन बनियन हा भांडी दुरुस्त करणारा माणूस. परवानगीशिवाय प्रवचनं केली म्हणून बारा वर्षं तुरुंगात होता. १६७८ साली त्याची गोष्ट छापली गेली. पाठीवर पापाचं ओझं घेतलेला एक यात्रेकरू स्वर्गनगरीकडे निघतो. वाटेत निराशेची दलदल लागते, पोकळ डामडौलाचा बाजार लागतो, नगरीच्या अलीकडे मरणाची नदी असते. गुणदोषच माणसं होऊन भेटतात. शेवटी तर स्वर्गाच्या दाराशीसुद्धा नरकाकडे जाणारी एक वाट आहे! असे दृष्टांत आपल्याला नवे नाहीत, आपल्या शेजारच्या रिद्धपूरला महानुभावांनी ते जपले आहेत. हरि केशवजी यांनी १८४१ साली हे पुस्तक 'यात्रिकक्रमण' नावाने मराठीत आणलं.

यात्रेकरू बायकोपोरांना मागे टाकून निघतो, हे आम्हाला खटकलंच. पण १६८४ साली बनियनने दुसरा भाग लिहिला. नवरा नदीपार गेलेला, म्हणजे ती विधवा. चार मुलं घेऊन तीच वाट ती चालू लागते. शेजारची एक तरुण मुलगी सोबत निघते. त्या मुलीचं नावच 'दया'.

मराठीत विधवेला अशा प्रवासात आणलं बाबा पदमनजींनी. जन्म बेळगावचा, १८५४ साली ते ख्रिस्ती झाले. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. त्यांचं 'यमुनापर्यटन' आलं १८५७ साली. ते मराठीतली पहिली कादंबरी मानतात. यमुना नवऱ्यासोबत गावोगाव फिरते आणि तिला विधवा भेटत जातात. कोणाचं केशवपन झालेलं, कोणी घरातच मोलकरणीसारखी राबणारी. इथे दलदल नाही, राक्षस नाही. नरक आहे तो माजघरात, आणि तो भोगणारीने पाप काहीच केलेलं नाही. पुढे यमुनाच विधवा होते, ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. पुस्तकात धर्मप्रसार आहे, ते कशाला लपवायचं? पण त्या बायांचं दुःख त्यांनी पदरचं घातलेलं नाही. आपल्या आज्यांनी असल्या बाया डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

ही गोष्ट आम्ही पुढच्या बैठकीत सांगितली. ती ताई ऐकत होती. मग तिने विचारलं, "यमुनेसोबत कोण गेलं?" उत्तर द्यायच्या आधी आमच्या अध्यक्षबाई उठल्या आणि संक्रांतीच्या वाणाच्या यादीत तिचं नाव लिहिलं. दोघी-तिघींनी नाक मुरडलं. यादी अजून भिंतीवर आहे.