टांगलेल्या लाकडांचा ताळेबंद

'मोबाइल' हा शब्द ऐकताच ज्यांचा हात खिशाकडे गेला असेल, त्यांनी तो रिकामाच बाहेर काढावा. मी म्हणतो तो मोबाइल वाजत नाही, आणि घरी लोळत पडून 'ट्रॅफिकमध्ये अडकलोय' असं त्याच्यावरून सांगताही येत नाही. तो छताला टांगतात. चार काठ्या, दोरे आणि त्यांना लोंबणारे लाकडाचे नाहीतर पत्र्याचे तुकडे. वाऱ्याची झुळूक आली की सगळा संसार सावकाश गिरकी घेतो. फोनवाल्यांनी हे नाव उचललं त्याच्या पुष्कळ आधी, 1931 साली, मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंतानं ते अलेक्झांडर कॉल्डर नावाच्या आपल्या अमेरिकन मित्राच्या हलत्या शिल्पांना दिलं. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचे दोन अर्थ होतात: हलणारा, आणि हेतू. नुसतं हलणं पुरेसं नाही, त्यामागं काही हेतूही असावा, ही अपेक्षा आमच्या कचेरीत अजून पोचायची आहे.

हा कॉल्डर 1898 सालचा. आजोबा शिल्पकार, वडील शिल्पकार. तेव्हा मुलगा शहाण्यासारखा 1919 साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पण रक्त कुठं जातंय! 1930 मध्ये तो पॅरिसला पीट मॉन्ड्रियान या चित्रकाराच्या खोलीत गेला. भिंतीवर रंगीत पुठ्ठ्यांचे चौकोन लावलेले. ते पाहून गृहस्थ म्हणाला, हे हलवले तर काय बहार येईल! मॉन्ड्रियाननं गंभीरपणे उत्तर दिलं की गरज नाही, माझी चित्रं आधीच पुरेशी वेगवान आहेत. यजमान हलवू देईना, म्हणून पाहुण्यानं घरी जाऊन स्वतःचे तुकडे हलवायला घेतले.

तसं पाहिलं तर टांगण्याचा मान एकट्या कॉल्डरचा नव्हे. मॉस्कोत रोदचेन्कोनं 1920-21 च्या सुमारास प्लायवुडच्या एका सपाट फळीतून एकात एक वर्तुळं कापली, ती फिरवून उलगडली आणि तारेनं टांगली. त्या मालिकेतली एक लंबवर्तुळाकृती तेवढी आज शिल्लक आहे. त्याच 1920 साली मॅन रे यानं कपडे अडकवायचे लाकडी हँगर घेतले. एका हँगरच्या दोन टोकांना दोन, त्या दोघांना चार, मग आठ, सोळा, बत्तीस. बेरीज मारा: 63. आम्ही वाणिज्य शाखेची माणसं याला चक्रवाढ म्हणतो. त्यानं 'अडथळा' असं नाव दिलं. आणखी एकच ओळ वाढवली की 127 हँगर होतात, आणि घरात आपल्याला उभं राहायला जागा उरत नाही.

आता यातली मेख सांगतो. आमच्या ताळेबंदात डावी बाजू आणि उजवी बाजू पैशापैशानं सारखी लागते. मोबाइलला ती सक्ती नाही. काठीच्या एका टोकाला 100 ग्रॅमचा ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला 20 ग्रॅमची चकती असली तरी काठी आडवी राहते. फक्त ठोकळा दोऱ्यापासून 6 सेंटिमीटरवर हवा आणि चकती 30 सेंटिमीटरवर. सहा गुणिले शंभर सहाशे, तीस गुणिले वीस सहाशे. (काठीचं वजन तूर्त उचंत खात्यात टाकू.) थोडक्यात, हलक्या माणसानं जरा लांब उभं राहिलं की तोही जड माणसाला तोलून धरतो. हे गणित मला बढतीच्या यादीपेक्षा न्यायाचं वाटतं.

बांधकाम करतात ते खालून वर. सगळ्यांत खालची काठी आधी तोलायची, मग ती आख्खी काठी म्हणजे एक वजन समजून तिच्या वरची. वरून सुरुवात करणाऱ्याला प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर सगळं पुन्हा सोडून बांधावं लागतं. त्यातून लाकूड म्हणजे जिवंतपणी झाड असल्याची आठवण ठेवणारी वस्तू. पावसाळ्यात ओल पितं, जड होतं. उन्हाळ्यात सुकून हलकं होतं. मार्चमध्ये जुळलेला हिशेब जुलैत किंचित कलंडतो. असं असूनही कॉल्डरचा लाकडावर जीव होता. 1933 मध्ये त्यानं काळ्या आबनुसाचे तुकडे टांगले. 1943 मध्ये युद्धामुळं पत्रा मिळेना, तेव्हा लाकडाचे तुकडे कोरून तारांनी जोडले. ही दुसरी शिल्पं मात्र हलत नाहीत.

घडवणाऱ्याचं झालं. आता घडवून घेणाऱ्याकडे वळू. खरी गंमत तिथं आहे. साराभाई कुटुंबातल्या गिरा साराभाई यांनी कॉल्डरपुढं प्रस्ताव ठेवला: तुम्ही दोघं नवराबायको या, भारत पाहा, बदल्यात आम्हांला शिल्पं करून द्या. 1955 च्या जानेवारीत पाहुणे आले आणि कॉल्डरनं अहमदाबादेत बसून शिल्पं केली. हा व्यवहार जमेच्या कुठल्या शीर्षाखाली दाखवावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बिल नाही, टेंडर नाही, आणि दोन्ही बाजू खूश, असं तोललेलं काम आमच्या पाहण्यात विरळाच.

उलट प्रकार पिट्सबर्गचा. 1958 साली कॉल्डरनं काळा-पांढरा भव्य मोबाइल केला. एका रसिकानं तो विकत घेऊन विमानतळासाठी स्थानिक प्रशासनाला भेट दिला. तिथं कुणाच्या तरी मनात आलं की आपले अधिकृत रंग हिरवा आणि सोनेरी. झालं! शिल्प हिरवं-सोनेरी रंगवलं. वाऱ्यावर आपल्या मर्जीनं फिरणारे भाग जखडले आणि गोल फिरवायला मोटर बसवली. म्हणजे हलणारं थांबवलं आणि थांबलेलं हलवलं. कॉल्डरनं निषेध करून पाहिला. तो 1976 मध्ये वारला. मूळ रंगरूप परत आलं ते त्यानंतर.

पिट्सबर्गकरांना हसायची मला सोय नाही. ओळखीच्या एका कचेरीनं दर्शनी हॉलसाठी एका सुतारकाकांकडून लाकडी मोबाइल करून घेतला होता. काकांनी महिनाभर रंधा मारून माशांची झुंड केली. एकेक मासा दोऱ्यावर असा जुळवला की दार उघडलं तरी झुंड वळावी. उद्घाटनानंतर सूचना आल्या. एक साहेब म्हणाले, मासे काउंटरकडे पाठ करतात, हे ग्राहकांना बरं दिसत नाही. दुसरे म्हणाले, मधल्या माशावर बोधचिन्ह हवं. बोधचिन्ह पितळेचं निघालं. मासा नाक खाली करून लोंबू लागला. शेवटी शिपायाकडून सगळी झुंड सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधून घेतली. काका पुढं एकदा पेन्शनच्या कामासाठी आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पैसे तुम्ही लाकडाचे दिलेत हो. वारा तुमचा नव्हता."

हे वाक्य कायद्यालाही मान्य आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम सांगतं की कलाकृती विकली तरी तिची मोडतोड करून कर्त्याच्या नावाला बाध आणला, तर त्याला दाद मागता येते. पण काकांना कलम कोण सांगणार? ते सही करून पेन्शन घेऊन गेले.

तेव्हा ज्याला लाकडी मोबाइल करून घ्यायचा असेल त्यानं आपल्याकडचं जुनं गिऱ्हाईक डोळ्यांपुढं ठेवावं. पाळण्यावर लाकडी राघू-मैनांचं चिमणाळं टांगलेलं असतं. आजी सुताराला सांगून ते करवून घेते, पण खरं गिऱ्हाईक खाली उताणं पडलेलं असतं. ते रंग बदलून मागत नाही, मोटर लावत नाही, बोधचिन्हाचा आग्रह धरत नाही. राघूनं पाठ फिरवली तरी रागावत नाही. तो फिरून येईल याची त्याला खात्री असते. तो फिरून येतो, आणि गिऱ्हाईक दोन्ही पाय झाडून पावती देतं.