पिसूची साक्ष

आपल्याकडे एके काळी जन्ममृत्यूची साले आकड्यांनी सांगण्याऐवजी 'पहिल्या प्लेगाच्या साली', 'दुसऱ्या प्लेगात' अशी सांगण्याची चाल होती. 'घरात उंदीर पडला' एवढे तीन शब्द कानी आले की चुलीवरचे अन्न तसेच टाकून बिऱ्हाड हलवण्याची घाई होई. त्या साथीचा राजकीय इतिहास मराठी वाचकांस पाठ आहे. पुण्यातील घरझडत्या, रँडसाहेबाचा कारभार, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीच्या रस्त्यावरील रात्र, चापेकर बंधूंची फाशी, हे सर्व आपण शाळेपासून वाचत आलो. परंतु ज्या ज्ञानाच्या जोरावर, अथवा खरे बोलायचे तर ज्या अज्ञानाच्या जोरावर, तो सारा बंदोबस्त उभारला गेला, त्याची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. हा रोग माणसाच्या अंगात शिरतो कसा, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. आणि तो सुटला तेव्हा असे दिसून आले की, त्या बंदोबस्ताचा बराचसा भाग व्यर्थ होता व काही भाग तर उलट अपायकारक होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे व गाठींचे काही रोगी तपासून हा प्लेगच होय असे निदान प्रथम केले ते मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. रोगाचा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन याने हुडकून काढला होता. म्हणजे चोर कोण हे कळले होते. तो घरात कोणत्या वाटेने येतो हे कळले नव्हते. बहुतेक डॉक्टरांचे मत असे की, जंतू जमिनीत, केरकचऱ्यात व रोग्याच्या वस्त्रांत टिकून राहतो आणि अनवाणी पायांच्या भेगांतून, अन्नातून किंवा श्वासावाटे देहात प्रवेश करतो. हे मत त्या काळी अगदीच अडाणीपणाचे नव्हते. घाण आणि रोग यांचे नाते पटकीने युरोपास नुकतेच शिकवले होते, आणि एकदा शिकलेला धडा मनुष्य सर्वत्र लावू पाहतो.

या मतातून जे निष्पन्न व्हायचे तेच झाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारास घरात शिरण्याचा, माणसे हलवण्याचा व सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. भिंतींना चुना, जमिनीवर कार्बॉलिकचे पाणी, ऊन आत यावे म्हणून कौलांना भगदाडे, अंथरुणांची होळी, रोग्याची रवानगी इस्पितळात आणि त्याच्या आप्तांची छावणीत, असा क्रम ठरून गेला. आता गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अशी की पाण्याच्या लोटांनी घर धुतले जाई तेव्हा त्यातील उंदीर मरत नसत; ते शेजारच्या घरी जात, आणि जाताना आपल्या अंगावरचे प्रवासी बरोबर नेत.

लोकांचे निरीक्षण याहून निराळे होते. माणसांआधी उंदीर मरतात, आणि उंदीर मरू लागताच जागा सोडली तर जीव वाचतो, हे त्यांनी पाहिले होते. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांतील खेडी तर कितीतरी आधीपासून उंदीर मरू लागले की ओस पडत. आपल्याकडेही लोक गावाबाहेर रानात झोपड्या घालून राहू लागले. दुसरी गोष्ट इस्पितळांतील. तेथे रोग्याच्या उशापायथ्याशी बसून नातलग सेवा करीत, तरी त्यांस गाठीचा रोग क्वचितच होई. मग आप्तांना छावणीत कोंडण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न ज्यांनी विचारायला हवा होता त्यांनी तो फारसा विचारला नाही. येथे एक भेद सांगितला पाहिजे. प्लेग फुप्फुसात उतरला तर तो खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे जातो, व ते रूप अत्यंत घातक असते. परंतु त्या वर्षांत मुंबई-पुण्यास थैमान घालणारा रोग मुख्यतः गाठीचाच होता.

अशा स्थितीत पाश्चर संस्थेने पाठवलेला पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर हिंदुस्थानात आला. मुंबईतील रोगी तपासताना काहींच्या पायांवर किंवा घोट्यांजवळ एक बारीक फोड त्याच्या नजरेस आला. तो फुटण्यापूर्वी त्यातील द्रवात प्लेगाचे जंतू सापडत, आणि गाठ येई ती त्याच बाजूच्या जांघेत. पुढे आणखी एक हकीकत त्याने नोंदली. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी पुष्कळ उंदीर मरून पडलेले आढळले. वीस मजुरांकडून ते उचलवले. तीन दिवसांत त्यांपैकी दहांना प्लेग झाला. कारखान्यातील इतर कोणासही झाला नाही. शिवाय नुकताच मेलेला उंदीर घातक, पण मरून एक दिवस लोटलेला तितकासा घातक नाही, हेही त्याच्या ध्यानी आले. मेलेल्या देहावरून काहीतरी उठून जात असले पाहिजे! थंड पडलेला उंदीर सोडून जाणारे काय असू शकते, याचा विचार करता करता तो पिसूपाशी येऊन थांबला.

२ जून १८९८ रोजी कराचीत त्याने जो प्रयोग केला त्याची सामग्री पाहिली म्हणजे आजच्या प्रयोगशाळांची आठवण होऊन हसू येते. उतरण्याची जागा एक हॉटेल. पात्र म्हणजे एक मोठी काचेची बरणी व तिच्या तळाशी वाळू. प्लेगाच्या घरात सापडलेला आजारी उंदीर त्याने पिसवांसकट बरणीत सोडला, आणि पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलात हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या काही त्यात घातल्या. उंदीर मरणाच्या पंथास लागला तेव्हा बारीक जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा बरणीत वर टांगला. दोन उंदरांची गाठ पडणे अशक्य. पिसवांना मात्र जाळीतून वाट मोकळी. आजारी उंदीर दुसऱ्या दिवशी मेला. टांगलेला उंदीर पाच दिवस धडधाकट होता, मग त्याला हालचाल जड जाऊ लागली आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी तो मेला. त्याच्या रक्तात प्लेगाचे जंतू होते. उलट, पिसवा नसलेला रोगी उंदीर निरोगी उंदरांत सोडून पाहिला, तर रोग पसरला नाही.

सिमाँने हे सर्व त्याच वर्षी छापून प्रसिद्ध केले. परंतु सरकारने नेमलेल्या, एडिंबरोच्या प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने हे मत झिडकारले, आणि पायाच्या भेगांतून जंतू शिरतो या कल्पनेचाच पुरस्कार केला. इतर काही शास्त्रज्ञांनी युरोपातील उंदरांच्या पिसवा घेऊन परीक्षा केली. त्या माणसास चावतच नाहीत असे ठरवून त्यांनीही सिमाँवर अविश्वास दाखवला. चूक प्रयोगात नव्हती, पिसवांच्या जातीत होती. आपल्या इकडच्या घरउंदराच्या अंगावरील पिसू निराळी. तिला उंदीर मिळेनासा झाला की माणूस चालतो. तिचे शास्त्रीय वर्णन रॉथस्चाइल्ड याने १९०३ साली केले, तेही ईजिप्त-सुदानकडच्या नमुन्यांवरून. तोवर सिमाँला कोणी विचारीत नव्हते.

त्याची बाजू उचलून धरली ती परळच्या प्रयोगशाळेतील ग्लेन लिस्टन याने. १९०३ च्या एप्रिलात मुंबईतील एका चाळीत उंदीर पटापट मरू लागले. थोड्याच दिवसांत तेथील बिऱ्हाडकरूंना पिसवांनी इतके हैराण केले की, लोक खोल्या सोडून गॅलरीत निजू लागले, आणि त्यानंतर चाळीत प्लेग आला. लिस्टनने तेथील माणसांच्या अंगावरून धरलेल्या पिसवा तपासल्या तेव्हा जवळजवळ निम्म्या उंदरांच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू मिळणे दुर्मिळ. प्लेगाच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा करण्याची युक्तीही त्याचीच. चाळीतल्या माणसांनी गॅलरीत पथाऱ्या टाकल्या, यात तक्रारीपलीकडे काही आहे असे दुसऱ्या कोणास वाटले नसते.

१९०५ साली नवे संशोधन मंडळ परळास कामाला लागले. त्यांनी मुद्दाम लहान लहान कोठड्या बांधल्या, काहींना गावठी कौलांचे छप्पर घातले, काहींना उंदीर न शिरतील असे. गिनीपिगांचे पिंजरे काही जमिनीलगत ठेवले, काही दोन फूट उंचीवर टांगले. जमिनीलगतचे मेले, टांगलेले वाचले. पिसूची उडी तितकी उंच जात नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरला तरी आतला प्राणी वाचे आणि पिसवा कागदावर सापडत. भरपूर जंतू पण पिसवा नाहीत, अशा ठिकाणी प्राण्यांस काही होत नसे. गटारातील उंदरांत आधी साथ, मग घरउंदरांत, त्यानंतर माणसांत, व प्रत्येक टप्प्यात सुमारे दहा ते पंधरा दिवसांचे अंतर, हा क्रमही त्यांनी मुंबईच्या नोंदींवरून सिद्ध केला. सिमाँची बरणी खरी ठरली. पण मधली सात-आठ वर्षे गेली ती गेलीच. १८९६ पासून पुढल्या तीस-पस्तीस वर्षांत या देशात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगाने मेली.

यावरून लोक शहाणे व सरकार मूर्ख, असा सोपा निकाल कोणी देऊ लागेल तर त्यास माझी संमती नाही. सरकारचे उपाय चुकले, तसा लोकांचा नकारही काही वेळा चुकला. हाफकिन याने मुंबईतच तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. ती संपूर्ण संरक्षण देत नसली तरी पुष्कळांस वाचवणारी होती, आणि तिच्याविषयी मात्र नाना कंड्या पिकल्या. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे एका बाटलीतील लसीने धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली, त्यामुळे तर संशयास आधारच मिळाला. ज्या सरकारी हाताने काल घरातील अंथरूण जाळले त्याच हातातील सुई आज विश्वासाने टोचून घ्यावी, ही अपेक्षा जरा जास्तच होती. घरझडत्यांनी झालेले हे नुकसान मृतांच्या आकड्यांत दिसत नाही.

पिसू एक चावा घेते एवढ्याने रोग इतका हटकून कसा होतो, हा प्रश्न १९१४ पर्यंत उरलाच होता. त्या वर्षी बॅकॉट व मार्टिन यांनी दाखवले की, जंतू पिसूच्या अन्नमार्गात वाढून जठराच्या तोंडाशी बूच बसवतात. प्यालेले रक्त आत जात नाही. पिसू उपाशीच राहते, पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतूंनी भरलेले रक्त जखमेत ओकते. स्वतः भुकेने मरणारा हा जीव मरता मरता इतरांस मारतो. बॅकॉट पुढे १९२२ साली कैरो येथे उवांवाटे पसरणाऱ्या टायफस तापाचे संशोधन करताना त्याच तापाने मेला.

अलीकडे जुन्या थडग्यांतील दातांतून जंतूंचा आनुवंशिक लेख वाचण्याची विद्या निघाली आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांतही प्लेगाचा जंतू होता, पण पिसूच्या पोटात टिकून राहण्यास लागणारे ymt नावाचे जनुक त्या प्राचीन जंतूंत आढळले नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ते जनुक असलेला, व्होल्गाकाठच्या समारा भागातील सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचा नमुना २०१८ साली उजेडात आला. म्हणजे पिसूचे आणि या जंतूचे सख्य अनादी नाही. युरोपातील मध्ययुगीन महामारी उंदरांच्या पिसवांनी पसरवली की माणसांच्याच पिसवा-उवांनी, याचा वादही त्याच वर्षी गणिताच्या आधारे पुन्हा उपस्थित झाला. मुंबईचा निकाल लंडनला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे ऐकून सिमाँस वाईट वाटले नसते. युरोपच्या पिसवांचा निकाल हिंदुस्थानास लावल्याचा जाच त्याने सोसला होता.

मराठी मुलखात ही कथा शेवटची ऐकू आली ती १९९४ साली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील कित्येकांनी भेगाळलेली घरे सोडली. त्या रिकाम्या घरांत धान्य साठवलेले होते आणि उंदीर माजले. पुढील ऑगस्टात मामला या गावी उंदीर पडू लागले, पिसवांचा उपद्रव असह्य झाल्याची तक्रार लोकांनी केली, आणि काही दिवसांत जांघेत व काखेत गाठी आलेले रोगी दिसू लागले. या खेपेस आरोग्य खात्याने गावात रोग्यांना टेट्रासायक्लिन दिले आणि घरांतील पिसवांवर कीटकनाशक फवारले.